भगरीची विषबाधा दर एकादशीला का होते? देशपातळीवरच्या अन्नसुरक्षेविषयी सविस्तर उत्तर

मला विचारलेला प्रश्न असा: "अन्नसुरक्षेचा कायदा आहे, सणासुदीला धाडी पडतात, खवा-पनीर जप्त होतं. तरी दर लग्नसराईत, दर एकादशीला विषबाधेच्या बातम्या येतातच. देशभर हे खरोखर कमी करायचं असेल तर सरकारने आधी काय करायला हवं? धाडी आणि शिक्षा वाढवून भागेल का?"

मराठवाड्यात जिल्हा पातळीवर साथरोग सर्वेक्षणाचं काम मी बरीच वर्षं केलं. त्या अनुभवावरून सांगतो, नुसत्या धाडी वाढवून भागणार नाही. आजारी पडलेल्या माणसापासून निघून, माल जिथे बिघडला त्या ठिकाणापर्यंत चार-आठ दिवसांत पोहोचता आलं पाहिजे, आणि दुरुस्ती तिथे झाली पाहिजे. ज्या देशांना हे जमतं तिथे तोच आजार त्याच पदार्थातून पुन्हा पुन्हा होत नाही. आपल्याकडे या कामाला लागणारी माणसं आहेत, कायदा आहे, संगणक प्रणालीसुद्धा आहे. पण ती एकमेकांना जोडलेली नाहीत.

भगरीपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या भागात याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला एकादशीच्या धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन दोन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. दोन आठवड्यांनी, पुढच्याच एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात तोच प्रकार. शेकडो रुग्ण आणि खाटा अपुऱ्या, म्हणून उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. ते फोटो देशभर गेले. एवढ्या मोठ्या घटनांची बातमी होते. पण महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र या दिवसांत भगरीच्या भाकरीतून एखाद्या घरातल्या चार-पाच जणांना उलट्या, चक्कर, अंगाची थरथर सुरू झाली, हे आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना नवीन नाही.

याचं कारण कोणाला ठाऊक नाही असंही नाही. अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या तोंडावर भगरीविषयी सूचना काढतं. त्यात स्पष्ट म्हटलेलं असतं की भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार होतात. सुटी भगर आणि सुटं पीठ घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, पीठ दळून साठवून ठेवू नका. सल्ला योग्यच आहे. पण तो सगळ्यात शेवटच्या माणसाला, म्हणजे भाकरी थापणाऱ्या बाईला दिलेला आहे. तिच्या हातात पीठ येईपर्यंत विष तयार झालेलं असतं, आणि अशी बुरशीची विषं साधारणपणे तव्यावरच्या आचेने जात नाहीत. वासावरून किंवा रंगावरूनही दर वेळी कळत नाही.

बिघाड त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. वरई शेतातून निघते, गिरणीत तिचं टरफल काढलं जातं, मग ती घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून तालुक्याच्या दुकानात आणि तिथून गावच्या किराण्यात. नाशिक परिसर भगरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि कच्चा माल परराज्यांतूनही येतो. टरफल निघालं की दाण्याचं संरक्षण गेलं. त्यात ओल राहिली, गोणी पावसाळ्यात जमिनीला टेकून राहिली, किंवा दळून ठेवलेल्या पिठाने दमट हवा ओढून घेतली, की बुरशीला हवं ते सगळं मिळालं. वर्षभर भगरीला फारसं गिऱ्हाईक नसतं. उपवास जवळ आला की मागणी एकदम चढते आणि मागे पडलेली गोणी पुढे येते.

आता अशी बाधा झाल्यावर काय होतं ते बघा. रुग्णांवर उपचार होतात, आणि ते काम आपली आरोग्य केंद्रं मनापासून करतात. रात्री दोन वाजता सलाईन लावणाऱ्या आरोग्य सेविका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मग उरलेल्या अन्नाचा नमुना जातो, गावातल्या दुकानदारावर कारवाई होते, पुढारी भेट देतात आणि विषय संपतो. हा माल कोणत्या गिरणीतून निघाला, त्या खेपेच्या बाकीच्या गोण्या आज कोणकोणत्या गावांत आहेत, हे विचारायला सहसा कोणी उरत नाही. एका उद्रेकात मी स्वतः दुकानापर्यंत गेलो होतो. गोणी पांढरी, तोंड सुतळीने शिवलेलं, वर ना नाव ना तारीख. दुकानदाराने ती आठवडी बाजाराच्या दिवशी टेम्पोवाल्याकडून रोखीने घेतली होती. बिल नव्हतं. माझा तपास त्या गोणीपाशी थांबला. त्या टेम्पोने त्याच दिवशी आणखी किती दुकानांत तसाच माल उतरवला असेल, हा प्रश्न तसाच राहिला.

उद्रेकाचा तपास म्हणजे काय, हे थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण देशपातळीवरची सगळी व्यवस्था याच कामावर उभी राहते.

पथक गावात पोहोचलं की पहिलं काम रुग्णांची यादी करण्याचं. नाव, वय, किती वाजता जेवला, काय काय खाल्लं, पहिला त्रास किती वाजता, आधी उलटी की आधी जुलाब, ताप आहे का. वेळ फार बोलकी असते. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर आधीच तयार असलेल्या विषाचा संशय: स्टॅफिलोकॉकस, बॅसिलस सिरीयस, किंवा एखादं रसायन. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, उलट्या फारशा नाहीत, तर मोठ्या भांड्यात सावकाश निवलेल्या अन्नातला क्लॉस्ट्रिडियम. दुसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब, तर साल्मोनेला. कावीळ झाली तर महिनाभर मागे जावं लागतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी नुसत्या घड्याळावरून निम्मी दिशा मिळते.

दुसरं काम फार वेळा राहून जातं. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारायचं. समजा पंगतीला २०० जण होते आणि ९८ आजारी पडले. सगळे म्हणतात आमटी बाधली. आमटी १८० जणांनी खाल्ली, त्यातले ९० आजारी, म्हणजे ५० टक्के. पण ज्या २० जणांनी आमटी घेतली नाही त्यांतलेही ८ आजारी, म्हणजे ४० टक्के. फारसा फरक नाही. आता भगरीची भाकरी बघा. खाणारे १२०, त्यातले ९० आजारी, ७५ टक्के. न खाणारे ८०, त्यातले फक्त ८ आजारी, १० टक्के. आमटी सुटली, भाकरी सापडली. याला कागद, पेन आणि दोन तास लागतात. यंत्र लागत नाही. पण नुसत्या रुग्णांशीच बोललात तर आमटी १८० जणांच्या ताटात होती एवढंच कळतं, आणि भलत्याच पदार्थामागे सगळे लागतात.

भलत्या पदार्थामागे लागण्याची किंमत किती मोठी असते हे जर्मनीने २०११ मध्ये पाहिलं. ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने हजारो लोक आजारी पडले, शेकडो जणांची मूत्रपिंडं निकामी झाली, पन्नासहून जास्त माणसं गेली. सुरुवातीला बोट स्पेनच्या काकडीकडे गेलं आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला. मग तपास पथकाने एक शहाणपणाची गोष्ट केली. लोकांना काय खाल्लं ते आठवत नव्हतं, म्हणून त्यांनी हॉटेलातली बिलं घेतली आणि आचाऱ्यांना विचारून प्रत्येक पदार्थात काय काय पडतं ते लिहून काढलं. तेव्हा कोशिंबिरीवर चिमूटभर घातलेले मोड सापडले. मागे जाता जाता वाट लोअर सॅक्सनीतल्या एका मोड तयार करणाऱ्या शेतापाशी आणि पुढे इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपाशी पोहोचली. मोड आलेली मेथी आपल्याही घरात खाल्ली जाते, म्हणून हे उदाहरण आपण विशेष लक्षात ठेवावं. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच मानवते.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आणि मला ते जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथली सरकारी इस्पितळं आपल्यासारखीच गर्दीची आहेत. २०१७-१८ मध्ये तिथे लिस्टेरियाची मोठी साथ आली. हजाराहून जास्त रुग्ण, दोनशेहून जास्त मृत्यू, त्यात तान्ही बाळं फार. मूळ सापडेना. हा जंतू खाल्ल्यानंतर काही आठवड्यांनी आजार देऊ शकतो, तेव्हा कोणाला काय आठवणार? डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने हा आजार कळवणं डॉक्टरांना बंधनकारक केलं. जानेवारीत सोवेटोतल्या एका पाळणाघरातली नऊ लहान मुलं ताप-जुलाबाने इस्पितळात आली. बालरोगतज्ज्ञांना अन्नाचा संशय आला आणि त्यांनी ताबडतोब कळवलं. आरोग्य निरीक्षक त्याच दिवशी पाळणाघरात गेले आणि शीतकपाटातली पोलोनी, म्हणजे तिथे पावात घालून खातात ते तयार मांस, नमुन्यासाठी घेतली. जंतूची जनुकीय ओळख साथीतल्या जंतूशी जुळली. तिथून कारखाना, कारखान्यातून पुन्हा नमुने, आणि ४ मार्च २०१८ ला आरोग्यमंत्र्यांनी मूळ जाहीर करून माल परत बोलावला. त्यानंतर रुग्ण झपाट्याने घटले. एका डॉक्टरने कळवलं, एक निरीक्षक त्याच दिवशी गेला, आणि नमुना पोहोचल्यावर तो जुळवून बघणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा होती. या तिन्हींपैकी एक जरी नसतं तरी साथ लांबत गेली असती.

आपल्याकडे यातलं काय आहे आणि काय नाही?

कळवण्याची व्यवस्था आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे. आरोग्य सेविका लक्षणांवरून एस फॉर्म भरते, डॉक्टर पी फॉर्म, प्रयोगशाळा एल फॉर्म. २०२१ पासून हे सगळं देशभर एका संगणकीय मंचावर आलं. अतिसार आणि अन्न विषबाधा हे त्यात वरचेवर नोंदवले जाणारे उद्रेक आहेत. पण ही नोंद मुख्यतः सरकारी दवाखान्यांतून येते. शहरातला माणूस उलट्या झाल्या की गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो, इंजेक्शन घेतो, दोन दिवसांत बरा होतो. त्याच हॉटेलात जेवलेले दहा जण दहा डॉक्टरांकडे गेले तर उद्रेक झाला हे कोणालाच कळत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३५ मध्ये अधिसूचना काढून डॉक्टरांना अन्न विषबाधा कळवणं बंधनकारक करण्याची तरतूद आहे. ही तरतूद सगळ्या देशात, सगळ्या जिल्ह्यांत, रोजच्या वापरात यायला हवी असं माझं ठाम मत आहे. कळवणं सोपं पाहिजे. एक फोन, चार प्रश्न. लांबलचक फॉर्म दिला तर कोणी भरणार नाही.

नमुना वेळेत घेणं ही आपली दुसरी अडचण. विषबाधा झाली की घाबरून आधी उरलेलं अन्न फेकलं जातं आणि भांडी घासली जातात. गावकऱ्यांचं चुकत नाही, त्यांना वाटतं अजून कोणी खाऊ नये. रुग्णाला पहिल्या तासातच प्रतिजैविक दिलं जातं, मग शौचाच्या नमुन्यात जंतू वाढत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या, म्हणजे शौचाचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकवणाऱ्या, चार नळ्या तयार असाव्यात आणि औषध सुरू करण्याआधी निदान पाच-सहा रुग्णांचे नमुने घेतले जावेत. एवढ्या एका सवयीने कितीतरी तपास "कारण अज्ञात" या शेऱ्यातून सुटतील.

मग प्रयोगशाळा. आपल्या अन्न प्रयोगशाळा परंपरेने भेसळ शोधायला उभ्या राहिल्या. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची ती सगळी रचना. दुधात पाणी किती, तेलात दुसरं तेल किती, रंग कोणता. आताच्या २००६ च्या कायद्याने विश्लेषकाला अहवाल द्यायला १४ दिवस दिले आहेत आणि खटल्यासाठी ते ठीक आहे. पण लोक आजारी पडत असताना १४ दिवस म्हणजे फार उशीर. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने गेल्या काही वर्षांत राज्यांच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग वाढवायला घेतले आहेत, हे चांगलं आहे. त्यापुढची पायरी अशी की रुग्णाच्या नमुन्यातला जंतू आणि अन्नातला जंतू एकाच टेबलावर यावेत. आज रुग्णाचा नमुना आरोग्य विभागाच्या वाटेने जातो, अन्नाचा नमुना अन्न व औषध प्रशासनाच्या. दोन विभाग, दोन नोंदवह्या, दोन अहवाल, आणि ते दोन्ही शेजारी ठेवून बघायला वेगळा माणूस नेमलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ईशान्येकडच्या राज्यांत अन्नजन्य जंतूंवर नजर ठेवणारं जाळं उभं केलं आहे. त्यात दवाखाने, बाजार आणि उद्रेक एकत्र बघतात. तसं जाळं प्रत्येक राज्यात असावं.

इथे भेसळ आणि आजार यांतला फरक मांडायलाच हवा, कारण लोकांचा आणि बऱ्याचदा वर्तमानपत्रांचाही त्यात गोंधळ होतो. दुधात पाणी घातलं ही फसवणूक आहे. पण ते दूध उकळून प्यायलात तर बहुधा पोट बिघडणार नाही. उलट अगदी निर्भेळ दुधाची बासुंदी, हाताला जखम असलेल्या माणसाने ढवळली आणि लग्नघरात सहा तास उघडी राहिली, तर पन्नास माणसं आडवी होतात. स्टॅफिलोकॉकसचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. भेसळ जीव घेत नाही असं मला म्हणायचं नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळल्याने हजारो लोकांना जलोदरासारखी सूज आली आणि साठेक माणसं दगावली. अशा वेळी धाड, अटक, जबर शिक्षा हवीच, आणि २००६ च्या कायद्यात असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहेही. पण अन्नातून होणारा बहुतांश आजार जंतूंमुळे होतो, आणि जंतूला शिक्षेची भीती नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये काढलेला अंदाज असा की जगात वर्षाला ६० कोटी लोक अन्नामुळे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत जवळपास ३० टक्के पाच वर्षांखालची मुलं. ही मुलं हॉटेलात जेवत नाहीत. त्यांना घरातलं, अंगणवाडीतलं अन्न आणि पाणी बाधतं. म्हणून धोरण ठरवताना नुसती हॉटेलं डोळ्यांपुढे ठेवून चालत नाही.

पाण्यावर थोडक्यात लिहितो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडत नसेल तर स्वयंपाकघर कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नाही. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी, आणि ग्रामपंचायतींना दिली जाणारी लाल-पिवळी-हिरवी कार्डं ही महाराष्ट्राची चांगली पद्धत आहे. मात्र टीसीएलची पोती दोन पावसाळे पडून राहिली की त्यातला क्लोरीन उडून जातो, हे तपासणारा माणूस हवा.

आता मुळाशी दुरुस्ती म्हणजे काय, ते सांगतो. ब्रिटनमध्ये अंड्यांतून साल्मोनेलाचा त्रास १९८० च्या दशकात फार वाढला होता. घरोघरी "अंडं नीट उकडा" सांगून जे झालं नाही ते १९९८ पासून कोंबड्यांना लस देणारी आणि प्रत्येक अंड्यावर शिक्का मारणारी योजना आल्यावर झालं. शिक्क्यामुळे अंडं कोणत्या फार्मवरचं ते कळतं. २०१७ मध्ये तिथल्या अन्न संस्थेने गरोदर बायका आणि लहान मुलांनीही शिक्क्याचं अर्धकच्चं अंडं खायला हरकत नाही, असं जाहीर केलं. आपल्याकडचं एक छोटं पण फार चांगलं उदाहरण म्हणजे निळा बर्फ. कारखान्यांत, मासळी टिकवायला वापरायचा बर्फ सरबताच्या गाडीवर जायचा. २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फ निळा करण्याचा आदेश काढला. आता गाडीवर उभं असलेलं शाळेतलं पोरसुद्धा ओळखू शकतं. असे उपाय मला आवडतात, कारण ते ग्राहकाला शास्त्र शिकवत बसत नाहीत.

भगरीसाठी हेच करता येईल. गिरण्या मोजक्या आहेत, दुकानं आणि घरं असंख्य. मग देखरेख गिरणीत ठेवावी. माल आत येताना आणि पोत्यात भरताना ओलावा मोजायचा, तो नोंदवायचा, ठरलेल्या मर्यादेवर गेला तर वाळवल्याशिवाय पुढे सोडायचा नाही. प्रत्येक गोणीवर गिरणीचं नाव, परवाना क्रमांक, खेप आणि तारीख. सुटं भगरीचं पीठ विकणं बंद. आषाढीच्या दीड-दोन महिने आधी गिरण्या आणि घाऊक गोदामांतून सर्वेक्षण नमुने घेऊन बुरशीच्या विषासाठी तपासायचे. आज नमुने घेतले जातात ते बहुतेक वेळा लोक आजारी पडल्यावर. २०२२ पासून खाद्यव्यवसायाच्या बिलावर चौदा अंकी परवाना क्रमांक छापणं सक्तीचं आहे. तेव्हा बिलाची साखळी तयार करण्याचा कायदेशीर पाया झालेला आहे, ती गावच्या दुकानापर्यंत न्यायची बाकी आहे. लहान दुकानदाराला दंडाने नव्हे तर घाऊक व्यापाऱ्याला "बिलाशिवाय माल सोडायचा नाही" या अटीने बांधलं, तर ते लवकर होईल.

बुरशीच्या विषाकडे आपण हलकेपणाने बघू नये. १९७४ मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यांत काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला, मका भिजला, बुरशी चढली. आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. अफ्लाटॉक्सिनने कावीळ होऊन शंभराहून जास्त माणसं मेली. त्याच घरांतली कुत्रीही मेली, आणि त्यावरून तपास करणाऱ्यांना अन्नाकडे बघायला वाट मिळाली. अवेळी पाऊस आता दरवर्षीचा झाला आहे. काढणीनंतर धान्य वाळवायची सोय नसणं हा शेतीचा प्रश्न आहे तितकाच आरोग्याचाही आहे.

मोठ्या पंगतींबद्दलही लिहायला हवं. भंडारा, सप्ताह, लग्न, वसतिगृह, आश्रमशाळा. इथे बहुतेक वेळा घात होतो तो वेळेने आणि तापमानाने. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिलं तर बहुतेक जंतू वाढत नाहीत. मधल्या उबेत दोन तासांहून जास्त ठेवू नये. पहाटे चारला उतरवलेलं साठ लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर त्याचा मधला भाग दुपारपर्यंत कोमटच असतो, आणि पंगत तर दोनला बसते. आचाऱ्याला मी हेच सांगत आलो: भात-भाजी दोन घाण्यांत करा, दुसरा घाणा पंगतीच्या तासभर आधी उतरवा, उरलेलं उथळ परातीत पसरून निववा. महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनी शंभर रुपये भरून ऑनलाइन नोंदणी करावी, असं आवाहन प्रशासन गणेशोत्सवात करतं. बरीच मंडळं हे झंझट समजतात. नोंदणी म्हणजे परवानगीचा अडथळा नाही. कुठे, कधी, किती लोकांचं जेवण आहे हे आधी कळलं तर आरोग्य सेविका आदल्या दिवशी विहिरीची ओटी करून येऊ शकते, आणि आचाऱ्याशी पाच मिनिटं बोलू शकते.

प्रशिक्षणाचंही तसंच. केंद्राची योजना दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशी आहे. हॉटेलांत ती हळूहळू रुजते आहे. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या मदतनीस आणि बचत गटाच्या बायका मात्र बहुतेक वेळा यादीत शेवटी येतात, आणि देशातली सर्वांत जास्त ताटं त्याच वाढतात. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामनच्या शाळेत जुलै २०१३ मध्ये २३ मुलं मेली ती कीटकनाशकाने विषारी झालेल्या तेलातून. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईला तेलाचा वास वेगळा वाटला होता आणि तिचं म्हणणं ऐकलं गेलं नाही, असं तेव्हा समोर आलं होतं. स्वयंपाकिणीला "हे अन्न मी वाढणार नाही" म्हणण्याचा लेखी अधिकार द्या. त्याला खर्च शून्य आहे.

आता मूळ प्रश्न: आधी काय? माझ्या हाती निर्णय असता तर पहिल्या वर्षी मी नवी प्रयोगशाळाही बांधली नसती आणि नवा कायदाही केला नसता. प्रत्येक जिल्ह्यात आरोग्य विभागाचा साथरोगतज्ज्ञ, अन्न सुरक्षा अधिकारी आणि पशुसंवर्धनचा एक डॉक्टर यांचं कायमचं पथक नेमलं असतं. एकच गाडी, एकच नोंदवही. उद्रेक कळल्यापासून चोवीस तासांत ते तिघे गावात. त्यांच्या अहवालात "कोणत्या खेपेचा माल, तो आणखी कुठे गेला, तो परत घेतला का" हे तीन रकाने भरल्याशिवाय प्रकरण बंद करायचं नाही. मालाची वाट जिल्हा किंवा राज्य ओलांडून गेली तर पुढचा तपास केंद्राने लगेच हाती घ्यायचा. आणि प्रत्येक राज्याने वर्षाच्या शेवटी किती उद्रेक झाले, कितींचं कारण सापडलं, हे जाहीर छापायचं. जप्त मालाचे आकडे मंत्री आवडीने सांगतात. हाही आकडा त्यांना विचारला जाऊ लागला की प्रयोगशाळांना पैसे आपोआप मिळतील.

हे होईपर्यंत तुमच्या हातात काय आहे, तेही सांगून ठेवतो. एकाच जेवणानंतर दोन किंवा जास्त माणसं आजारी पडली तर उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात भरून, झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून शीतकपाटात वेगळं ठेवा. पाकीट, गोणी, बिल जपून ठेवा, निदान मोबाइलवर फोटो काढा. कोण किती वाजता जेवलं आणि कोणाला किती वाजता त्रास सुरू झाला, हे लिहा; जे बरे आहेत त्यांचीही नावं त्यात घ्या. डॉक्टरांना औषधाआधी नमुना घेता येईल का ते विचारा. मग प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावरही. दोन्हीकडे कळवा, आणि एकाला कळवल्याचं दुसऱ्याला सांगा.